भरल्या टोपलीला वाट

ऐन उन्हाच्या दिवसांत आभाळ भरून आलं आणि दुपारी एक जोराची सर पडून गेली. दुसऱ्या कुठल्या शेतावर पडली असती तर लोकांनी कौतुक केलं असतं, पण इथलं शेत मिठाचं होतं. चौकोनी कुंड्यांमध्ये पाणी आटत आटत पांढरी साय धरू लागली होती, ती विरघळून गेली. बांधाच्या कडेला निथळत ठेवलेले मिठाचे ढीग निम्मे खाली बसले. एका घरातला थोरला भाऊ पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभा राहून आपल्या कुंडीकडे बघत राहिला. बघून काही परत येणार नव्हतं, पण माणूस बघतोच.

संध्याकाळी मालकाचा निरोप आला. पुन्हा पाऊस यायच्या आत उरलेलं मीठ रस्त्याकडच्या मोठ्या राशीवर गेलं पाहिजे. ते झालं की थोड्या कुंड्यांत नवं पाणी घ्यायचं, बाकीच्या यंदापुरत्या बंद. कुणाची चालू आणि कुणाची बंद, ते मुकादम ठरवणार होता. त्या दिवसापासून मुकादमाच्या विनोदांना सगळे जास्त हसू लागले. मुकादमाला विनोद सांगता येत नव्हते, त्यामुळे हसायचं कुठं तेही एकमेकांकडे बघून ठरवावं लागे.

एका घराला एक कुंडी, अशी इथली रीत होती. पुरुषानं लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं मीठ ओढून ढीग लावायचा, बायकांनी ते टोपल्यांनी वाहायचं. या घरात ओढायला थोरला आणि वाहायला त्याची बायको थोरली आणि धाकटी जाऊ. धाकटीचा नवरा लांब एका दगडाच्या खाणीवर कामाला गेला होता, हंगाम संपल्यावर यायचा होता. सासूचे गुडघे याच मिठानं खाल्ले होते, म्हणून ती घर आणि चूल बघायची आणि सगळ्यांचं सगळं चुकतं कसं तेही बघायची.

धाकटीला या घरात येऊन फार दिवस झाले नव्हते. कामाला चिवट, बोलायला कमी. तिच्या तळपायांना अजून पुरत्या भेगा पडल्या नव्हत्या, नव्या नव्या पडत होत्या, आणि संध्याकाळी तेल चोळताना ती दात आवळून बसायची. थोरली म्हणायची, एकदा कातडं मेलं की मग काही होत नाही.

कुंड्यांपासून राशीपर्यंत एकच बांध होता, चिखलाचा, एका माणसाच्या रुंदीचा. जाणारी आणि येणारी समोरासमोर आल्या की रिकामीनं पाण्यात उतरायचं आणि भरलीला वाट द्यायची. भरली लांबूनच सांगायची, "भरलंय, वाट द्या." दिवसभर ते इतक्यांदा म्हटलं जाई की त्यात बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, धाप लागावी तसं ते तोंडातून बाहेर पडे. ट्रकवाला असो की मालकाचा भाचा, डोकं रिकामं असेल तर तो उतरायचा. आणखी एक नियम होता. दोन भरलेल्या बायकांनी एकमेकींपासून लांब चालायचं, कारण दोघींचं वजन एका जागी आलं की बांधाची कड ढासळते.

फक्त मुकादम उतरत नसे. त्याच्या पायात बूट होते. तो बांधाच्या मध्यावर छत्री उघडून उभा राही आणि बायका अंग चोरून कडेनं निघून जात. पाऊस होऊन गेल्यावर त्यानं स्वतःला एक नवं काम लावून घेतलं होतं, टोपली सावरण्याचं. "अगं, पडेल, पडेल," असं म्हणून तो हात पुढं करी. टोपली डोक्यावर असे आणि त्याचा हात कधी तिथपर्यंत पोचत नसे. दोन्ही हात वर धरलेल्या बाईला खालचा हात झटकता येत नाही. हे त्याला माहीत होतं आणि सगळ्या बायकांनाही माहीत होतं.

सगळ्यांशी तो असं करत नव्हता. बुटकीच्या वाटेला तो जात नसे. बुटकी म्हणजे शेजारच्या कुंडीवरची बाई, उंचीनं सगळ्या मिठागरात पहिली, म्हणून तिला बुटकी म्हणायचे. तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. थोरली वयानं झाली होती. राहिली धाकटी, जिचा नवरा इथं नव्हता आणि जिच्या तोंडून दिवसात चार शब्द निघायचे.

थोरलीनं ते पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ती अंतर ठेवून मागून येत होती. पुढं धाकटी मुकादमाशी पोचली, कडेला सरली. त्याचा हात तिच्या कमरेवर गेला आणि तिथंच राहिला. धाकटी दचकली, टोपली कलली आणि ओंजळभर मीठ बांधावर सांडलं. मुकादम लगेच मोठ्यानं ओरडला, की मालकाचं मीठ आहे, तुझ्या बापाचं नाही, भर ते. धाकटीनं टोपली उतरवली, खाली बसून दोन्ही हातांनी चिखलातलं मीठ वेचलं आणि टोपलीत टाकलं. तो छत्री घेऊन तिच्यासमोर उभा होता. मागं बायकांची रांग थांबली होती. प्रत्येकीनं पाहिलं आणि प्रत्येकीनं आपल्या पायांकडे बघितलं. थोरलीनंही तेच केलं. टोपलीखालची कापडाची चुंबळ नीट बसली आहे का, एवढंच तिनं चाचपून घेतलं.

पाणी प्यायला बसल्यावर बुटकी म्हणाली, "एवढी सावरायची हौस आहे तर घरी जाऊन बायकोच्या घागरी सावर म्हणावं." सगळ्या हसल्या. धाकटीही हसली, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. ती हसली म्हणून बायकांना जरा हलकं वाटलं आणि तो विषय तिथंच संपला.

घरी आल्यावर पाय धुताना थोरलीनं सासूला सांगितलं. धाकटी आत भांडी लावत होती, तिला ऐकू जात होतं. सासूला नवल वाटलं नाही. तिच्या वेळीही असा एक मुकादम होता, त्याला मिश्या होत्या, एवढाच फरक. मग तिनं एकेक सांगायला सुरुवात केली. मधे चालायचं, पहिली नाही आणि शेवटची नाही. अंगावर एक जास्तीचा कपडा घ्यायचा. त्याच्याकडे बघायचं नाही. तो बोलला तर हसायचं नाही, आणि अगदीच न हसून त्याला राग येईल असंही करायचं नाही. थोरलीला वाटलं, हे सगळं सांभाळून वर टोपली कोण सांभाळणार.

थोरल्याला तिनं जेवताना सांगितलं. त्याचा हात ताटात थांबला. त्यानं एवढंच विचारलं, की लोकांनी पाहिलं का. पाहिलं म्हटल्यावर तो उठला आणि फावड्याचा सैल झालेला दांडा घट्ट करत बसला. दांडा घट्ट झाला तरी तो ठोकतच होता. भावाला खाणीवर कळवावं का, असं थोरलीनं विचारलं. तो म्हणाला, फोनवर हे कसं सांगणार, तो काम टाकून येईल आणि काहीतरी करून बसेल. कुंडी मुकादमाच्या हातात आहे हे त्यानं तोंडानं सांगितलं नाही. ते घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

सकाळी त्यानं तोड काढली. राशीच्या मागं पोत्यांचं कोठार होतं. मीठ भरायची पोती तिथं शिवायची असत, आणि शिवणारी म्हातारी आजारी पडली होती. धाकटीला तिथं बसवायचं. सावलीतलं काम, डोक्यावर ओझं नाही, बांधावर यायला नको, मुकादमाच्या डोळ्यांसमोर नको. सासूला पटलं, थोरलीलाही पटलं. मुकादमाला विचारलं तर त्यानंही लगेच हो म्हटलं. तो इतक्या लगेच हो का म्हणाला, हे कुणाच्या मनात आलं नाही. सगळ्यांना आपण काहीतरी केलं याचं समाधान होतं. धाकटीला सांगितलं तेव्हा ती "बरं" म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं, आणि सांगितल्यावर बरं म्हणायचं असतं.

मग बांधावर दिवस बरे जाऊ लागले. धाकटी नसल्यानं थोरलीच्या खेपा वाढल्या, मान आखडली, पण बांध मोकळा होता. मुकादम तिथं उभा राहीनासा झाला. बायका सरळ चालत, हात खाली असले की हलवत चालत. बुटकी कुणाकुणाच्या नकला करी. थोरली घरी येऊन सासूला म्हणाली, की सुटली बाई एकदाची. सासूचाही जीव भांड्यात पडला. धाकटी पाय धुऊन आत जाई, जेवे आणि भिंतीकडे तोंड करून निजे. सावलीत बसून हिचा चेहरा उतरला कसा, असं सासू एकदा म्हणाली. सवय नसेल, असं थोरली म्हणाली.

खरं थोरलीच्या लक्षात आलं ते भर दुपारी, राशीवर टोपली ओतताना. मीठ ओतून तिनं कंबर सरळ केली आणि समोर कोठाराच्या दाराला टेकवलेली मुकादमाची छत्री तिला दिसली. छत्री मिटलेली होती. ती तशीच उभी राहिली. तो बांधावर का नसतो, हे तिनं इतक्या दिवसांत एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. आपणच हिला चार भिंतींत नेऊन बसवलं, जिथं पाहणारंही कुणी नाही, हे तिला एका दमात कळलं, आणि कळल्यावर रडू यायला हवं होतं ते आलं नाही.

ती कोठाराशी गेली. आत पोत्यांचा कुबट वास होता. धाकटी जमिनीवर बसून पोतं शिवत होती. मुकादम तिच्या शेजारी पोत्यांच्या थप्पीवर बसला होता, बूट घातलेला एक पाय खाली सोडून. तो बूट धाकटीच्या कपड्याच्या घोळावर होता. तिला उठायचं असतं तरी उठता आलं नसतं. ती खाली मान घालून टाके घालत होती, टाके अगदी सारखे पडत होते. मुकादम काही करत नव्हता. तो पोतं कसं शिवावं ते तिला समजावत होता.

भांडायचं म्हटलं असतं तर थोरलीला शब्द सुचले नसते. तिनं डोक्यावरची चुंबळ काढली, पाठीमागं हात नेऊन तिचा पीळ सोडला आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "धाकटे, माझी चुंबळ सुटली गं. बाहेर ये जरा, उजेडात बांधून दे."

मुकादमानं तिच्याकडे बघितलं. चुंबळ तुला बांधता येत नाही का, असं त्यानं विचारलं. थोरली म्हणाली की येते, पण हिच्या हातची टिकते. ती दारातून हलली नाही. मग धाकटीनं सुई पोत्यात खोचून ठेवली आणि त्यानं पाय उचलला.

बाहेर उन्हात धाकटीनं चुंबळीला पीळ घालून ती थोरलीच्या डोक्यावर ठेवली, दाबून बसवली. तिचे हात कापत नव्हते. कापले असते तर थोरलीला जरा बरं वाटलं असतं. थोरली म्हणाली, आता आत जाऊ नकोस, माझ्याबरोबर प्यायच्या पाण्यापर्यंत चल. धाकटी चालली.

त्या संध्याकाळी घरात पुन्हा बैठक बसली. म्हणजे थोरला उंबऱ्याशी बसला, सासू चुलीशी, थोरली मधे उभी आणि धाकटी आतल्या खोलीत. थोरलीनं पाहिलं तेवढं सांगितलं. थोरला म्हणाला, की परवा मिठाचा ट्रक धाकटीच्या भावाच्या गावावरून जातो, ट्रकवाला ओळखीचा आहे. हंगाम संपेपर्यंत ती तिकडं राहील. सासूनं लगेच मान हलवली आणि धाकटीचे कपडे बांधायला घेतले. भावाच्या घरी एक खोली आणि सात माणसं होती, पण तो प्रश्न भावाचा होता.

थोरली पाणी आणायच्या निमित्तानं धाकटीला बाहेर घेऊन गेली. नळाला बारीक धार होती. कळशी भरायला वेळ लागणार होता, आणि तोवर काहीतरी बोलावं लागणार होतं.

"तुला काय हवंय?" थोरलीनं विचारलं.

धाकटी कळशीकडे बघत राहिली. तिला प्रश्न कळला नसावा असं थोरलीला वाटलं, म्हणून तिनं पुन्हा विचारलं. आम्ही आपलं ठरवत सुटलो, तुला काय वाटतं ते सांग.

"मला टोपलीच उचलायची आहे, ताई," धाकटी म्हणाली. "बांधावर निदान सगळ्यांना दिसतं."

"दिसून काय झालं गं? आम्ही बघत होतोच की."

"बघत होता. पण कुणी म्हणालं नाही." ती रागानं बोलत नव्हती, घरातलं मीठ संपलं आहे असं सांगावं तसं सांगत होती. "तो हात लावतो तेव्हा माझं तोंडच उघडत नाही. आधी ठरवून जाते, तरी उघडत नाही. मग मला वाटतं, झालंच नसेल, मलाच वाटलं असेल. तुम्ही त्याच्याशी भांडू नका. भाऊजींना मारामारीला पाठवू नका. तुम्ही पाहिलंत ना, तर पाहिलं एवढं म्हणा. मोठ्यानं म्हणा."

कळशी भरून वाहायला लागली तरी थोरलीनं ती बाजूला घेतली नाही.

"आणि मला तिकडं घालवू नका," धाकटी म्हणाली. "केलं त्यानं आणि गाठोडं माझं बांधलं."

रात्री निजताना थोरलीनं नवऱ्याला सांगितलं, की उद्या धाकटी माझ्यासोबत बांधावर येईल. तो म्हणाला, ट्रकचं सांगून झालंय. थोरली म्हणाली, ट्रक परवा आहे. कुंडी जाईल, असं तो म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं ते तोंडानं म्हटलं होतं. थोरलीनं त्याच्याकडे बघितलं, तिलाही तेच भय होतं आणि ते काही कमी झालं नव्हतं. ती म्हणाली, जाईल. थोरल्यानं कूस बदलली. सासू अंधारात म्हणाली, की या घरात आता सुनांचं राज्य आलं.

सकाळी आभाळ पुन्हा दाटलं होतं. खाली कुंडीत थोरला मीठ ओढत होता. मीठ ओलं असल्यानं फावडं जड चालत होतं आणि टोपल्याही जड होत्या. थोरलीनं धाकटीच्या डोक्यावर टोपली चढवली, बुटकीनं थोरलीच्या. धाकटी पुढं निघाली. थोरलीनं नेहमीचं अंतर ठेवलं नाही, ती तिच्या पाठीशीच लागून चालू लागली. मागून बुटकी म्हणाली, अगं लांब चाला, बांध बसेल. मग ती काय समजायचं ते समजली असावी. तीही पुढं सरकली, तिच्या मागची तिच्यामागं. पायांखाली कड ढासळत होती, ढेकळं पाण्यात पडत होती. सगळ्यांनी बोटं चिखलात रुतवून चालायला सुरुवात केली.

मुकादम मध्यावर उभा होता. धाकटी परत दिसली तशी त्याची कळी खुलली. पोती शिवून कंटाळली वाटतं, असं तो म्हणाला. ती कडेला सरली. "पडेल, पडेल," तो म्हणाला, आणि हात गेला.

थोरलीच्या मानेवर ओझं होतं, आणि आवाज निघेल की नाही याची तिला खात्री नव्हती. निघाला तेव्हा तो तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"मुकादम, हिच्या कमरेवरचा हात काढा. मी बघतेय."

तो हसला. टोपली सावरत होतो, म्हणाला.

"टोपली डोक्यावर आहे. हात कमरेवर होता. काल कोठारात हिच्या कपड्यावर पाय होता, तोही मी पाहिला."

त्यानं हात काढला होता. पण तो बाजूला न होता धाकटीच्या आडवा आला. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. तुमची कुंडी कुणाच्या मेहेरबानीवर आहे ते विसरलीस का, असं त्यानं खालच्या आवाजात विचारलं. मागं सगळी रांग उभी होती, ओली टोपली घेऊन. असं उभं राहिलं की वजन चालण्यापेक्षा जास्त लागतं. मानेतून कळ निघून खांद्यात उतरते, गुडघे आपोआप थरथरतात. इतक्या लागून उभं राहिल्यावर कुणालाही टोपली उतरवायला जागा नव्हती, कुणाला मागं वळता येत नव्हतं. धाकटी सगळ्यांच्या पुढं, त्याच्यापासून वीतभर अंतरावर, दोन्ही हात वर धरून उभी होती.

तीच बोलली.

"भरलंय," ती म्हणाली. आवाज घोगरा होता. "वाट द्या."

मुकादमाला आजवर हे कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं ऐकलं नसल्यासारखं केलं. मग थोरली म्हणाली, "भरलंय, वाट द्या." तिच्या मागून बुटकी म्हणाली, आणि ती नकला करणारी बुटकी अगदी साध्या आवाजात म्हणाली. तिच्या मागची म्हणाली. कुणी ओरडलं नाही. रोज म्हणतात तसंच म्हणत होत्या, एकीनंतर एक, रांगेच्या शेवटापर्यंत, आणि शेवटापर्यंत पोचलं की पुन्हा पुढून.

खाली कुंडीत थोरल्याचं फावडं थांबलं होतं. तो पाण्यात उभा होता, बांधाच्या बुडाशी, त्याची मान बायकांच्या कमरेच्या उंचीवर येत होती. थोरलीला त्याच्याकडे बघता येत नव्हतं, मान वळली असती तर टोपली गेली असती. तिला वाटलं, हा आता खाली मान घालेल. तिनं त्याचा आवाज ऐकला.

"मुकादम," तो म्हणाला, "भरलेल्या बायका उभ्या आहेत. उतरा खाली."

तेवढंच. फावडं त्यानं उचललं नव्हतं.

मुकादमानं एकदा मागं बघितलं. मागून रिकाम्या बायका येत होत्या आणि त्या रीतीप्रमाणे आधीच पाण्यात उतरून उभ्या होत्या. डोक्यावर ओझं नसलेला तो तेवढाच बांधावर होता. त्यानं छत्री मिटली, बुटासकट एक पाय पाण्यात टाकला, मग दुसरा. पाणी बुटांत गेल्याचा आवाज आला. धाकटी पुढं निघाली. थोरली निघाली. कुणी हसलं नाही, बुटकीसुद्धा नाही. पाऊस यायच्या आत मीठ राशीवर जायला हवं होतं, आणि दिवसभर ते जात राहिलं.

संध्याकाळी निरोप आला. या घराची कुंडी यंदापुरती बंद, उद्यापासून येऊ नये. बुटकीच्या घराची चालू ठेवली होती. बुटकी सांगायला आली, दारातच उभी राहिली, तिला काय बोलावं कळेना. उद्यापासूनही आम्ही लागून लागूनच चालणार आहोत, असं ती म्हणाली आणि गेली. थोरली भिंतीला टेकून बसली. तिला वाटलं होतं, असं काही केल्यावर आतून काहीतरी मोकळं होत असेल. तसं काही झालं नव्हतं. मान दुखत होती आणि पुढं काय खायचं ते माहीत नव्हतं.

सासू म्हणाली, "झालं समाधान?" ते कुणाला म्हणाली ते तिनं सांगितलं नाही.

दुसरा दिवस बसून गेला. उन्हं उतरली तेव्हा ट्रक दाराशी येऊन थांबला. ट्रकवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. गाठोडं दाराजवळच होतं, सोडायचं कुणाला सुचलं नव्हतं. कुंडी तर गेलीच, तेव्हा आता तिनं जावं की राहावं, हे कुणी बोललं नव्हतं. थोरला उठायला लागला. त्याच्या आधी धाकटी उठली आणि बाहेर गेली. ट्रकवाल्यानं विचारलं, कोण यायचं होतं. तिनं सांगितलं, कुणी नाही. तो खांदे उडवून निघून गेला.

ती आत आली, गाठोड्याशेजारी खाली बसली. सासू तिच्याकडे बघत होती. बराच वेळ बघून तिनं विचारलं, "कोठारात काय काय केलं त्यानं?"

धाकटीनं सांगायला सुरुवात केली. पहिल्या दिवसापासून, एकेक, न थांबता, खालच्या आवाजात. सासूनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. थोरली सरकून तिच्या शेजारी गेली. असल्या बोलण्याला थोरल्या दिरानं बसायचं नसतं. मधेच थोरला उठला, तेव्हा धाकटी थांबली आणि सगळ्यांना वाटलं, हा आता बाहेर जाणार. त्यानं दार लोटून घेतलं, परत येऊन आपल्या जागी बसला आणि म्हणाला, "हं. पुढं सांग."